४.२२ वरून ३.९: मॉरिस मायनरचं डिफरेन्शियल बदलताना

माझी मॉरिस मायनर १९६७ सालची, १०९८ सीसी इंजिनाची. आम्ही ऑक्सफर्डजवळ राहतो आणि ही गाडी बनायची ती इथल्याच काउली कारखान्यात, त्यामुळे ती तशी माहेरीच आहे. आडरस्त्यांवर ताशी ४०-४५ मैलांनी तिच्याइतकी गुणी गाडी नाही. पण लंडनला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला डॉलिस हिलला जायचं म्हणजे एम ४० मोटरवे आलाच. तिथे ५५ मैलांच्या पुढे इंजिन असं काही किंचाळायचं की आमचं बोलणं आपोआप बंद. बायकोने एकदा सरळ विचारलं, "अरे, हिला पाचवा गियर का नाही टाकत?"

प्रश्न रास्त होता. मायनर बाजारात आली १९४८ मध्ये आणि ब्रिटनमधला पहिला मोटरवेचा तुकडा, प्रेस्टनचा बायपास, खुला झाला १९५८ च्या डिसेंबरात. बेताच्या ताकदीचं इंजिन, आत चार माणसं, डिकीत सामान आणि चढ मात्र कुठलाही चढता आला पाहिजे, अशा हिशोबाने बांधलेली ही गाडी. म्हणून मागचं डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे वळवणारा गियरांचा गोळा, 'आखूड': चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त फिरवणारं. आधीच्या ९४८ सीसीच्या गाड्यांना ४.५५ चा रेशो होता. १९६२ मध्ये १०९८ सीसीचं इंजिन आलं तेव्हा तो ४.२२ झाला. ४.२२ म्हणजे क्राउन व्हीलला (गोळ्यातलं मोठं दातेरी चाक) ३८ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणारं छोटं चाक) ९, म्हणजेच चाक एकदा फिरायला प्रॉपेलर शाफ्टला, गियरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याला, साधारण सव्वाचार फेरे. टॉप, म्हणजे चौथा गियर थेट असल्यामुळे इंजिनालाही तेवढेच.

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १४५ आर १४ टायरवर ताशी ६० मैलांना ४.२२ च्या रेशोत इंजिन मिनिटाला सुमारे ३,७५० फेरे घेतं, ७० ला जवळजवळ ४,४००. ३.९ लावला तर हेच आकडे ३,४७० आणि ४,०५० च्या आसपास येतात. ३.७ लावला तर ६० ला ३,३०० च्याही खाली. या इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) २,५०० फेऱ्यांना सर्वांत जास्त असतो, ताकद ५,१०० ला. म्हणजे मोटरवेवर आपण त्याला नको तिथे ताणत असतो. शिवाय आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर इंजिनाच्या जुन्या सिलिंडर हेडमधली व्हॉल्व्ह सीट दीर्घकाळ जोरात पळवल्याने लवकर झिजते, हेही डोक्यात होतंच.

बायकोचा पाचवा गियर इथे खरंच लोक टाकतात. फोर्ड सिएराचा टाइप ९ गियरबॉक्स मायनरला लावण्याची रीत चांगली रुळलेली आहे. त्याचा पाचवा ०.८२ च्या आसपास, म्हणजे ६० ला इंजिन ३,१०० वर. ऐकायला गोड, पण खर्च मोठा, त्यात क्रॉसमेंबर आणि बॉडीवर काम करावं लागतं. मला गाडीचं पोट कापायचं नव्हतं. डिफरेन्शियलचं तसं नाही. जुना गोळा काढायचा, नवा बसवायचा. पुढेमागे कुणाला वाटलंच तर पुन्हा जुना बसवता येतो.

मायनर आणि एमजी मिजेट ही छोटी स्पोर्ट्स कार, दोन्ही एकाच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातली भावंडं आहेत. नंतरच्या मिजेटमध्ये ३.९ चं डिफरेन्शियल होतं आणि ते ए-सिरीज इंजिनाच्या (माझ्यासारख्या) मायनरच्या मागच्या अॅक्सलमध्ये सरळ बसतं. (सुरुवातीच्या, जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनाच्या मायनरचा अॅक्सल वेगळा, तिथे हा खेळ चालत नाही.) अगदी शेवटच्या मिजेटचा ३.७ सुद्धा मिळतो, आणि माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी तोच घ्यायचा आग्रह धरला होता. मी घेतला नाही. अठ्ठेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला ३.७ दिला तर सपाटीवर मजा येते आणि पहिल्याच लांब चढाला ती तिसऱ्यात उतरते. शांत इंजिनासाठी रेशो बदलायचा आणि मग अर्धा रस्ता तिसऱ्या गियरमध्ये काढायचा, याला काय अर्थ? १२७५ सीसीचं इंजिन असतं तर गोष्ट वेगळी होती.

क्राउन व्हील आणि पिनियन ही जोडी असते. एकीचं क्राउन आणि दुसरीचं पिनियन असं करता येत नाही, आणि सुटी जोडी आणून शिम (पातळ चकत्या) घालत दातांमधलं अंतर जमवणं हे घरच्या गॅरेजचं काम नव्हे. म्हणून अख्खा जमवलेला गोळा घेतला, जुनाच, पण बघून. पिनियनचा फ्लँज धरून वर-खाली हलवला, बेअरिंगला खेळ नव्हता. दातांवर खड्डे नव्हते. निळी शाई लावून फिरवल्यावर ठसा दाताच्या मधोमध आला. आतल्या छोट्या गियरांच्या मागचे थ्रस्ट वॉशर मात्र झिजलेले होते. या डिफरेन्शियलचं हे जुनं दुखणं. क्लच सोडताना मागून 'खट्' आवाज येतो तो बहुतेक याचाच. ते माहीतगाराकडून बदलून घेतले आणि पिनियनचं ऑइल सीलही त्याच वेळी. पिनियनचा नट मनाला येईल तसा आवळायचा नसतो, बेअरिंगवरचा ताण बिघडतो, म्हणून तेही त्याच्यावरच सोपवलं.

घरी आणल्यावर दात मोजून रेशोची खात्री केली. आपल्या गाडीत नक्की कोणता रेशो आहे हे न उघडताही कळतं: मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गियर न्यूट्रलमध्ये. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. तोच रेशो. साठ वर्षांच्या गाडीत आधीच्या मालकांनी काय काय केलंय याचा भरवसा नसतो, तेव्हा खर्च करण्यापूर्वी हे बघाच.

प्रत्यक्ष कामात अक्कल कमी आणि दंडातली ताकद जास्त लागते. पुढच्या चाकांना ओट लावायचे, कारण मागची चाकं वर गेली की हँडब्रेकचा उपयोग शून्य. मागून अॅक्सल स्टँड, मग तेल काढायचं. ड्रमचे स्क्रू दोनच, पण वर्षानुवर्षं बसलेले. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडा यांच्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये, डोकी गोल झाली की सगळा दिवस तिथेच. ड्रम निघाला की हाफ शाफ्ट (डिफरेन्शियलपासून चाकांपर्यंतचे दांडे) बाहेर ओढता येतात, ब्रेकच्या पाइपला हात लावावा लागत नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करून ठेवायची. पाने इंची मापाचेच घ्या, मिलिमीटरचे 'जवळपास' बसतात आणि नटाचे कोपरे खातात.

शेवटी गोळ्याभोवतीचे नट काढून तो पुढे ओढायचा. हा भाग एकट्याने करू नये. गोळा सगळा लोखंडाचा आणि तुम्ही त्याच्या खाली उताणे. शेजारी एक निवृत्त फिटर राहतात, त्यांनी ट्रॉली जॅकवर लाकडी फळी ठेवून तो अलगद उतरवला आणि नवाही तसाच चढवला. गॅस्केट नवा, टोकांचे ओ-रिंग आणि कागदी गॅस्केट नवे. इथे दोन-तीन पौंड वाचवले की तेल हबमधून ब्रेकच्या लायनिंगवर येतं. हायपॉइड गियरचं ईपी ९० तेल साधारण पाऊण लिटरच्या वर थोडं लागतं. भरायच्या भोकातून बाहेर यायला लागलं की थांबायचं.

गाडी रस्त्यावर आली, तरी काम संपलेलं नव्हतं. मायनरच्या स्पीडोमीटरची केबल गियरबॉक्समधून निघते, त्याला मागे काय बदललंय याचा पत्ता नसतो. काटा ६५ दाखवतो तेव्हा गाडी ७० ने पळत असते, आणि ७० ही इथली मोटरवेची मर्यादा.  स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या डायलवर मैलाला केबलचे किती फेरे ते बारीक आकड्यात छापलेलं असतं. केबल सोडून गाडी ५२ फूट साडेनऊ इंच, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, ढकलली, केबलचे फेरे मोजले, टायरच्या झिजेसकट खरा आकडा मिळाला. तो लिहून मीटर दुरुस्तीला पाठवला. विमा कंपनीलाही बदल कळवला. जास्त पैसे लागले नाहीत, पण न कळवता राहणं परवडणारं नव्हतं.

फरक? गावात पहिल्या गियरमधून निघताना क्लच किंचित जास्त सांभाळावा लागतो, एवढंच. पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गियर सहज पडू देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे रांगेत सरकताना पूर्वीपेक्षा थोडी कसरत आहे. दुसरा आणि तिसरा मात्र आता खरे कामाचे झालेत. तिसऱ्यात ४५ मैलांना इंजिन ओरडत नाही.

खरी परीक्षा स्टोकनचर्चची. ऑक्सफर्डकडून लंडनला जाताना एम ४० चिल्टर्नच्या टेकड्या चढतो, खडूचा डोंगर कापून काढलेल्या खिंडीतून. पायथ्याला ६५ चा वेग घेतला होता. टॉप गियरमध्येच चढली, माथ्यावर काटा ५० च्या जरा वर होता आणि डावीकडच्या लेनमध्ये माझ्यापुढे एक भरलेला ट्रक होता म्हणून तेवढा. समोर वारा आणि गाडीत पाच माणसं असली तर तिसरा टाकावाच लागेल, त्याची तयारी आहे. सपाटीवर ६० ला आता आम्ही बोलू शकतो. वाऱ्याचा आणि दारांच्या जुन्या रबरांचा आवाज आहेच, तो आधी इंजिनाखाली दबलेला होता. म्हणून पुढचं काम रबरांचं. जुना ४.२२ चा गोळा तेलात माखून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवलाय. शेजारचे फिटर म्हणतात विकून टाक, ९४८ वाल्यांना तो हवाच असतो. बघू.