तोरूनला जाताय? मग दोन रात्री ठेवा

वॉर्सोहून सकाळी निघून रात्री परतायचं, अशी पोलंडमधल्या तोरून शहराची आखणी बरेच जण करतात. मी तसं सुचवणार नाही. रेल्वेने एका बाजूचेच साधारण अडीच-तीन तास जातात, आणि हे शहर खरं खुलतं संध्याकाळी, विस्वा नदीच्या दक्षिण काठावरून. समोर विटांची तटबंदी, चर्चचे मनोरे आणि पाण्यात उतरलेले दिवे. हे बघायला रात्रीचा मुक्काम हवाच.

तिकिटाआधी वार ठरवा. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. २०१८ पासून रविवारच्या व्यापारावर कायद्याचे निर्बंध आहेत, त्यामुळे बऱ्याच रविवारी सुपरमार्केट उघडत नाहीत. हॉटेलं मात्र चालू असतात. मंगळवारी पोहोचून गुरुवारी निघणं सर्वांत सोयीचं. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात मनोरे आणि बाहेरची ठिकाणं सकाळीच उरका.

आता स्टेशन. तोरून ग्वूवनी हे मुख्य स्टेशन नदीच्या दक्षिणेला आहे, जुनं शहर उत्तरेला. मध्ये लांब पूल, म्हणून बॅगा असतील तर बस घ्या आणि कागदी तिकीट चढल्यावर लगेच यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट तपासनीस वैध मानत नाही. तोरून म्यास्तो स्टेशनवरून जुन्या शहरात चालत जाता येतं, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. आरक्षण करताना नाव नीट वाचा.

गाडी चुकते ती बहुधा दोन शब्दांमुळे: ‘पेरोन’ म्हणजे फलाट आणि ‘तोर’ म्हणजे रूळ. एका फलाटाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या क्रमांकांचे तोर असतात, त्यामुळे फलाट बरोबर असूनही माणूस भलत्याच गाडीसमोर उभा राहतो. भिंतीवरचं पिवळं वेळापत्रक सुटणाऱ्या गाड्यांचं, पांढरं येणाऱ्यांचं.

शाकाहारी असाल तर ‘पिएरोगी रुस्क्ये’ मागवा: बटाटा, ताजं चीज आणि कांदा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. पण वर अनेकदा डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात, म्हणून ‘बेझ स्क्वारकुव्ह’ असं आधीच सांगा. बीटाच्या सूपलाही मांसाचा रस्सा असू शकतो. विचारल्याशिवाय घेऊ नका.

इथली ओळख म्हणजे पिएर्निक, मध आणि मसाल्यांची बिस्किटं. नाव ‘मिरीसारखं तिखट’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलं. तोरून हे हान्सा या उत्तर युरोपातल्या मध्ययुगीन व्यापारसंघातलं शहर, मसाले ग्दान्स्क बंदरातून नदीमार्गे यायचे. दालचिनी, लवंग, आलं, वेलदोडा ही आपल्याच डब्यातली नावं. खायला मऊ ‘कातार्झिन्की’ घ्या. लाकडी साच्यातले नक्षीदार, कडक पिएर्निक शोभेचे असतात, दातांनी फोडू नका. साच्यातून ते बनवायला शिकवणारं सत्र असतं, ठरावीक वेळीच. इंग्रजी सत्राची जागा आधी राखून ठेवा.

बाकीचं सगळं पायी. १९९७ पासून जुनं शहर जागतिक वारसास्थळ आहे आणि दुसऱ्या महायुद्धात तो बराचसा शाबूत राहिला. जुन्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर चढा, मग १४७३ साली इथेच जन्मलेल्या खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचं संग्रहालय, मग ट्युटॉनिक सरदारांच्या (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या) किल्ल्याचे अवशेष. तो किल्ला १४५४ मध्ये शहरवासीयांनीच पाडला. कोपर्निकसच्या संग्रहालयासाठी दीड तास ठेवा, घाईने ते कळत नाही.