रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी पायाखालचं हलतंच

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय की या चक्करेचं रोज रात्री थोडं लिहून ठेवायचं, कधी वाढलं, कधी कमी झालं, तेव्हा तुम्ही काय करत होत्या. म्हणून वही घेऊन बसते. नुसतं "आज वाढलं, आज कमी" एवढंच लिहून माझं काही भागत नाही, मग बाकीचं पण उतरवते.

आज सकाळी उठल्यावर बरं होतं. झोपून असते तोवर काही नसतं, बसलं की थोडं सुरू होतं, उभी राहिले की वाढतं आणि चालायला लागले की मग विचारूच नका, हे आता पक्कं कळलंय. दुपारी तांड्यावर बाळंतिणीकडे जायचं होतं, सातव्या दिवसाची भेट होती. मी गावची आशा सेविका, आणि आशाचं काम म्हणजे तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, या दिवसांना दांडी नाही. तांड्याची वाट वावरातून जाते. दोन्हीकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलीय, पांढरंच पांढरं, ओळीमागून ओळ, आम्ही त्यांना तास म्हणतो, आणि चालताना ते तास डोळ्याच्या कोपऱ्यातून सरकायला लागले की अख्खं अंग एका बाजूला ओढल्यासारखं होतं. पडत नाही मी, आजपर्यंत कधीच पडले नाही, पण आता पडते की काय असं प्रत्येक पावलाला वाटतं. धुऱ्यावर बसले, पाणी प्यायले, नजर एका बाभळीवर ठेवली आणि मग निघाले.

तिथं बाळाचं वजन करायचं होतं. आधी मी स्वतः बाळ उचलून झोळीत ठेवायची, काटा धरायची, पटकन वाचायची. आता उभ्यानं कोणाचं बाळ हातात घेत नाही. बाळाच्या आजीला म्हटलं तुम्ही ठेवा, मी आकडा वाचते. काटा दाराच्या चौकटीला अडकवला होता, तो झुलायचा थांबेपर्यंत मी चौकट धरून उभी. वजन चांगलं भरलं, बाळ अंगावर नीट पीत होतं, बेंबी कोरडी होती. म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "आशाताई, बाळंतीण बरी हाये, तुमीच थकल्या दिसता." काय सांगू तिला.

हे सुरू कसं झालं तेही लिहायला सांगितलंय. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास गावात तापाची साथ होती, घरोघरी जाऊन टाक्या-रांजणातल्या अळ्या बघत फिरत होतो आम्ही, त्यात मलाही ताप आला. ताप गेला, आणि नंतर एक दिवस पहाटे उठले तर टिनाचं छप्पर गरगर फिरत होतं. खरंच फिरत होतं, डोळे मिटले तरी थांबेना, उलट्यांवर उलट्या. ह्यांनी ऑटो आणला, तालुक्याला नेलं, सलाईन लावली. ती गरगर काही दिवसांनी गेली. सगळे म्हणाले झालं बरं. पण ती गेली आणि तिच्या जागी हे दुसरं येऊन बसलं, ते आजवर उठलं नाही. यात खोली फिरत नाही. घरात कापसाची गंजी लावलेली असते ना, तिच्यावर पाय ठेवून चालल्यासारखं, पाऊल टेकतं पण ठाम टेकत नाही, असं दिवसभर.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, फवारणीचं विष तर नाही? आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न कोणीही विचारणारच, 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, ते दिवस इथं कोणी विसरलेलं नाही. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी नीट बघितलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्यात का, घाम, लाळ, उलटी, श्वास. म्हणाले ते विष फवारल्यानंतर काही तासांत दिसतं, हे तसं नाही. मग रक्त. गावातल्या बायांना एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, आणि सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, यांच्या तपासणीला मीच घेऊन जाते, आपल्या विदर्भात सिकलसेल किती आहे ते मला चांगलं माहीत, म्हणून माझी पण सोल्युबिलिटी टेस्ट करून घेतली. निगेटिव्ह. एचबी 12 च्या वर, शुगर बरोबर, थायरॉइड बरोबर, बी-12 बरोबर. नर्सबाईंनी झोपवून बीपी घेतला आणि उभी करून तीन मिनिटांत परत घेतला, उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं पडला तर त्याची चक्कर असू शकते म्हणे, माझा जागचा हललाच नाही.

त्यानंतर एका ठिकाणी मानेचा एक्स-रे झाला, मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा दिला. उन्हाळाभर तो पट्टा घातला मी, आमच्याकडचा उन्हाळा, मानेला घामोळ्या आल्या आणि चक्कर होती तिथंच. माझ्या वयाच्या आणि माझ्यासारखी ओझी वाहिलेल्या कितीतरी बायांचा एक्स-रे काढा, मानेत काहीतरी निघेलच, म्हणून चक्कर त्याचीच असं होत नाही, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या ठिकाणी फाईल उघडायच्या आधीच विचारलं, घरी काही टेन्शन आहे का? टेन्शन कोणाच्या घरी नाही. कापसाला भाव नाही, पोरीची बारावी आहे, आमचा मोबदला वेळेवर येत नाही. पण हे सगळं त्या पहाटेच्या आधी पण होतं आणि तेव्हा मी दिवसभर गाव पालथं घालत होते.

सोयाबीनचे पैसे आले ते एमआरआयमध्ये गेले. रिपोर्ट आला, नॉर्मल. ह्यांनी तिथल्या तिथं हात जोडले, गावात फोन करून सांगितलं, आणि खरंच मोठी गोष्ट होती ती, डोक्यात गाठ नाही हे कळलं. मी मात्र गाडीत खिडकीकडे तोंड करून रडत आले. कारण त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. आधी म्हणायचे "बस तू, मी पाणी आणतो." नंतर, "रिपोर्टात काईच नाई म्हनते डॉक्टर, मंग काऊन झोपून रायते?" ह्यांचा स्वभाव वाईट नाही. माणूस वेचणीच्या दिवसात एकटा मजूर शोधत फिरतो, त्याला पण कळत नाही की बायकोला दिसायला तर काहीच झालेलं नाही. प्लॅस्टर असतं, सूज असती, तर सोपं झालं असतं त्याला.

सासूबाईंचं वेगळं. त्या म्हणतात, "पोरी, तुले बाहेरचं असंन वो." शनिवारी मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन दृष्ट काढतात. मी आशा आहे, गावाला उलट सांगत फिरते की दवाखान्यात चला, तरी मी त्यांना अडवत नाही. दवाखाना मी सोडलेला नाही आणि या घरात मला काहीतरी झालंय यावर पूर्ण विश्वास असणारं तेवढं एकच माणूस आहे.

नागपूरचे डॉक्टर नाक-कान-घशाचे, पण चक्करेचंच जास्त बघतात. त्यांनी रिपोर्टची पिशवी बाजूला ठेवली आणि आधी नुसतं विचारलं. खोली फिरते का तुम्ही झुलता? डोळ्यापुढं अंधारी येते का? कूस बदलल्यावर येते का? किती वेळ टिकते, सेकंद, मिनिटं, का दिवसभर? ऐकू कमी येतं का, कानात आवाज होतो का? डोकं दुखतं का, उजेड सहन होत नाही असं होतं का? बाजारात गेल्यावर काय होतं? या शेवटच्या प्रश्नाला मी थबकले, कारण आमच्या आठवडी बाजारात मी जाणं सोडून दिलंय हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. गर्दी, पाल, सगळीकडून हलणारी माणसं, तिथं पाच मिनिटं पण उभं राहवत नाही.

मग तपासणी. मान एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं, डोकं पलंगाच्या खाली लोंबतं, आणि डोळे बघितले, बुबुळं उडतात का ते. नाही उडाली. जाड भिंगाचा चष्मा घालून परत बघितलं. डोळे मिटून जागच्या जागी चालायला लावलं. कानात आधी थोडं गार, नंतर कोमट पाणी सोडलं, 30 डिग्री आणि 44 डिग्री, त्यानं मुद्दाम चक्कर आणतात आणि कोणता कान किती काम करतो ते मोजतात. ही तपासणी ज्यानं शोधली त्या व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरला 1914 चं नोबेल मिळालं आणि ते जाहीर झालं तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता, हे मी नंतर मोबाईलवर वाचलं. माझा डावा कान थोडा कमी निघाला. थोडासाच. पण त्या कागदावर "नॉर्मल" सोडून दुसरं काहीतरी लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

त्यांचं म्हणणं असं, की त्या तापानंतर डाव्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली असावी, ती पहाटेची गरगर त्याची. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर येते, कान, डोळे आणि पाय-सांधे. कानाची खबर चुकीची यायला लागली म्हणून मेंदूनं त्याच्यावरचा भरवसा काढला आणि सगळा डोळ्यांवर टाकला. कान बराचसा सावरला, मेंदू मात्र अजून तसाच सावध बसलाय, म्हणून कपाशीचे तास सरकले, बाजार हलला की अंग झुलतं. याला पीपीपीडी (पर्सिस्टंट पोश्चरल-परसेप्च्युअल डिझिनेस) म्हणतात, तीन महिने किंवा जास्त, बहुतेक रोज असेल, उभं राहिल्यावर, हालचालीनं आणि डोळ्यासमोर गजबज असली की वाढत असेल तर. जगभरच्या चक्करेच्या डॉक्टरांच्या संस्थेनं, तिला पण त्या बारानीचंच नाव आहे, याची व्याख्या 2017 मध्ये पक्की केली. एमआरआयमध्ये हे दिसत नाही, कारण काही तुटलेलं-फुटलेलं नाही, वापरायची पद्धत बिघडलीय.

पण ते असंही म्हणाले की मी आज शिक्का मारत नाही, मायग्रेनची, म्हणजे अर्धशिशीची, पण चक्कर असते, तुमच्या आईला डोकेदुखी होती म्हणता, म्हणून लिहून आणा, मग बघू. मला हे आवडलं. घाईनं नाव देणारे आधी भेटले होते.

चक्करेची जी गोळी मी महिनोन्‌महिने घेत होते ती हळूहळू बंद करायला लावली, पहिल्या काही दिवसांपुरती ती ठीक, पण काही गोळ्या लांबल्या तर मेंदूला नवीन शिकूच देत नाहीत. कोणी वाचून स्वतःच्या मनानं बंद करू नका, विचारून करा. त्याबदल्यात व्यायाम. अंगठ्यावर पेनानं एक अक्षर काढायचं, हात लांब धरायचा, नजर त्या अक्षरावर आणि मान "नाही नाही" अशी हलवायची. भिंतीच्या कडेनं चालत मान डावी-उजवी. सुरुवातीला यानं वाढतंच, आज पण दुसऱ्या फेरीनंतर मळमळलं, बसले, परत केलं. एक छोटी गोळी लिहून दिलीय, ह्यांनी फोनवर बघितली आणि म्हणाले हे तर उदासीच्या आजाराचं औषध. तेच आहे, उदासी नसली तरी या चक्करेत कमी डोसमध्ये देतात हे डॉक्टरांनी समजावलं होतं. अजून सुरू केलेली नाही, मायग्रेनचं ठरल्यावर बघू म्हणाले.

एक गोष्ट लिहायची राहिली. आमच्या शेजारच्या आजींना कूस बदलली की गरगरायचं, अर्धा मिनिट, मग थांबायचं. आधी असती तर मी पण म्हटलं असतं अशक्तपणा आहे, गूळ-फल्लीदाणे खा. आता मला प्रश्न माहीत झालेत, मी तिला तेच सगळे विचारले आणि तिच्या मुलाला सांगितलं की हिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. कानातले बारीक चुन्याचे कण जागा सोडून नळीत गेले होते. डॉक्टरांनी डोकं ठराविक पद्धतीनं फिरवून पाच-दहा मिनिटांत ते परत जागेवर नेले, एप्ली म्हणतात त्याला. म्हातारी त्याच दिवशी बरी होऊन आली, दुसऱ्या दिवशी मला दही-भात घेऊन आली. मला इतका आनंद झाला. आणि रात्री खूप रडू पण आलं, की माझं असं का नसावं.

आता बायांच्या गटाच्या बैठकीत कोणी बाई म्हणाली चक्कर येते, तर मी लगेच "रक्त कमी असेल" म्हणत नाही. खाली बसवते आणि कशी येते ते पूर्ण सांगू देते. आणि हे सगळ्यांना सांगते, चक्करेबरोबर अचानक तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसायला लागले, चालताच येईना, नाहीतर कधी नव्हे असं डोकं फुटल्यासारखं दुखलं, तर थांबायचं नाही, दृष्ट काढायची नाही, सरळ 108 ला फोन.

पुढच्या आठवड्यात नागपूरची तारीख आहे. या वेळी ह्यांना सोबत चला म्हटलंय, एक दिवसाची वेचणी मागे पडली तरी चालेल, माझ्या तोंडून ऐकणं वेगळं आणि समोर बसून ऐकणं वेगळं. विचारायचं ते आत्ताच लिहून ठेवते. मायग्रेन आहे की नाही. व्यायाम यवतमाळला कोणी शिकवणारं आहे का, दर वेळी नागपूर परवडत नाही. तांड्याच्या वाटेनं जाऊ की डांबरी रस्त्यानं फेरा घालून जाऊ, म्हणजे ते तास टाळणं बरं की रोज थोडं थोडं त्यातूनच चालणं बरं. आणि उभ्यानं बाळ कधीपासून घेता येईल.