दोर ढिला कधी सोडायचा

हालचालींवर मर्यादा असलेल्या किंवा स्वमग्न मुलांना घोड्यावर बसवून उपचार देतात, तेव्हा एका मुलामागे बरीच माणसं लागतात. दोन्ही बाजूंनी दोघं चालतात, प्रशिक्षक लक्ष ठेवून असतात आणि एक जण घोड्याचा दोर धरून त्याच्या मानेजवळून चालतो. हे दोर धरायचं काम जमावं म्हणून मी रीतसर प्रशिक्षण घेतलं. तिथे जे शिकले त्यातलं पुष्कळसं आता माणसांशी वागताना रोज उपयोगी पडतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीला घोड्याला हात लावायचीच परवानगी नव्हती. कुंपणाबाहेर उभं राहायचं, घोड्यांकडे बघायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. कोण कोणाला जागा करून देतं, कोणाचे कान कुठे वळलेत, कोण कोणाशेजारी उभं राहून पेंगतं. तारा नावाची एक पांढुरकी घोडी होती. चाऱ्यापाशी कोणी फार जवळ आलं की ती आधी फक्त कान मागे घ्यायची. तेवढ्यावर समोरचा हलला नाही तर मान थोडी वळवायची. तेही चाललं नाही तरच एक पाय उचलायची. आणि समोरचा अर्धं पाऊल जरी मागे सरकला, तरी त्याच क्षणी तिचे कान सैल, मान खाली, पुन्हा चरायला सुरुवात. राग मनात धरणं नाही की पाठलाग नाही. मला वाटतं, नंतर जे जे शिकवलं गेलं ते सगळं या एका दृश्यात होतं.

घोडा हे मुळात भक्ष्य म्हणून जगलेलं जनावर. चार-पाचशे किलोचा देह असूनही त्याचा पहिला विचार पळून जाण्याचा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळं वर्तुळ दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. म्हणून जवळ जायचं ते खांद्याच्या दिशेने आणि बोलत. कान वेगवेगळे फिरतात, एक तुमच्याकडे तर दुसरा मागच्या दाराकडे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या पाळीव घोड्यांचं मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सापडतं. त्या काळात माणसाने ज्या गुणांची निवड केलेली दिसते, त्यांत मजबूत पाठ आणि शांत स्वभाव असावेत, असं ते संशोधक म्हणतात. पण शांत म्हणजे बेफिकीर नव्हे. उडालेली प्लास्टिकची पिशवी बघून आजही चांगला घोडा बुजतो.

मग खरारा आला. घोडा स्वच्छ करणं एवढाच त्याचा उपयोग नाही, हे हाताला हळूहळू कळत जातं. घोडे एकमेकांना थोपटत नाहीत, दातांनी खाजवतात आणि तेही बहुधा मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापाशी. तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असं १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. ताराच्या बाबतीत मोजायची गरज नव्हती. नेमकी जागा सापडली की तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायचा, डोळे अर्धे मिटायचे. हात दोन बोटं खाली घसरला तर ती अंगच असं सरकवायची की हात पुन्हा त्या जागी यावा. मला काय द्यावंसं वाटतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला काय हवं आहे ते विचारत राहावं लागायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाय उचलण्यात. घोडा पळून जिवंत राहतो, म्हणजे एक पाय आपल्या हातात देणं हा त्याच्या दृष्टीने मोठाच विश्वास. खांद्यापासून हात खाली फिरवत न्यायचा, घोट्याच्या वर हलकं दाबायचं आणि थांबायचं. तारा मागचा उजवा पाय द्यायला तयार नसायची. आम्हाला शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, "पाय मागू नकोस. तिने भार दुसऱ्या पायावर टाकला की लगेच हात काढ." तसं केलं. आधी नुसता भार सरकला, हात काढला. मग टाच किंचित उचलली, हात काढला. मग पाय हवेत आला, क्षणभर धरून खाली ठेवला. पुढे एके दिवशी तिने पाय हातात दिला आणि मी खुराच्या तळव्यातली माती टाचेकडून पुढे अशी निवांत कोरत बसले. मधला मऊ भाग सांभाळून काढावं लागतं. तेवढा वेळ ती तीन पायांवर शांत उभी होती.

यामागचं शास्त्र तिथे नीट समजावून दिलं. दाब दिल्याने घोडा शिकत नाही. दाबामुळे त्याला एवढंच कळतं की काहीतरी बदलायला हवं. आपण केलं ते बरोबर, हे त्याला कळतं दाब सुटतो तेव्हा. म्हणून सोडायची वेळ महत्त्वाची. उशिरा सोडला तर तो भलतंच शिकतो. कधीच सोडला नाही तर दाबाची सवय होते आणि मग कितीही ओढलं तरी त्याला काही जाणवत नाही.

दोर धरून चालताना याचा कस लागला. तारा चारही पाय रोवून उभी राहायची. तिच्याकडे वळून दोर ओढला की ती आणखी घट्ट. ताईंचं म्हणणं असं, की जिथे जायचंय तिकडे बघ, श्वास सोड, दोराला फक्त ताण दे आणि धरून ठेव. ओढू नकोस, सोडूही नकोस. बराच वेळ काही झालं नाही. मग तिच्या छातीचा भार जरासा पुढे आला, पाऊल अजून पडलंही नव्हतं, तेवढ्यात दोर ढिला केला. ती चालू लागली. पुढे पुढे दोराला ताण द्यायचीही गरज उरली नाही, मी पाऊल उचलायच्या बेतात असले की ती निघायची.

घोडा किती बारीक वाचतो याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बर्लिनमधला हान्स. फॉन ऑस्टन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरं द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कार फुंग्स्ट यांनी कसून तपासणी केली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा तो हान्सला दिसत नसला, की हान्स चुकायचा. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या अंगातला ताण नकळत सुटायचा, डोकं इवलंसं हलायचं आणि हान्स थांबायचा. ही गोष्ट पुष्कळदा घोड्याला काही येत नव्हतं अशा सुरात सांगतात. मला ती उलटी वाटते. समोरच्या माणसाचा ताण नेमका कधी सुटला हे भोवतीच्या कोणालाही दिसत नव्हतं, ते त्या घोड्याला दिसत होतं.

स्वीडनमधला एक प्रयोगही मला फार महत्त्वाचा वाटतो. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांना घोडा घेऊन ठरलेल्या अंतरावर चालायला सांगितलं आणि एका फेरीआधी सांगितलं की आता वाटेत छत्री उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. धास्ती घेऊन दोर धरला तर ती दोरातून पलीकडे पोचतेच. म्हणून आमच्याकडे नियम होता: मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी तसं सांगायचं आणि दुसरं काम घ्यायचं. कोणी कारण विचारत नसे. हा नियम माणसांच्या कामाच्या ठिकाणीही असावा, असं मला मनापासून वाटतं.

मुलांबरोबर काम सुरू झाल्यावर हेच सगळं माणसांत दिसू लागलं. घोडा चालतो तेव्हा बसणाऱ्याची कंबर पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडी वळत हलते, जवळपास माणूस स्वतः चालताना हलते तशी. ज्या मुलाला चालता येत नाही त्याच्या शरीराला चालण्याची ती लय मिळते. बाजूने चालणारा सुरुवातीला मुलाच्या मांडीवर हात ठेवून आधार देतो. पण मुलाने तोल सावरला की हात हलका करायचा, मग काढायचा, नुसता जवळ ठेवायचा. आधार तसाच ठेवला तर मूल त्या हातावर रेलतं आणि पाठीचे स्नायू काम करत नाहीत. एक न बोलणारा मुलगा यायचा. घोडी थांबवली की त्याने स्वतःहून 'चल' अशी खूण करेपर्यंत आम्ही सगळे नुसते उभे राहायचो. ती शांतता मोठ्या माणसांना जड जाते, कोणीतरी "चल म्हण ना रे" म्हणायला जातंच. तारा मात्र कान त्याच्याकडे वळवून उभी. मग त्याने मानेवर तळवा टेकवला आणि ती निघाली.

या उपचारांना जगभर जोर आला त्यात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचा वाटा मोठा. १९४४ मध्ये पोलिओने त्यांच्या पायांतली बरीचशी ताकद गेली. घोड्यावर चढता-उतरताना मदत लागत असूनही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करवून घेण्याच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवलं. स्वमग्न मुलांबाबत अमेरिकेत शंभराहून अधिक मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवडे घोडेस्वारी केलेल्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता, घोड्याविना तसेच उपक्रम केलेल्या मुलांपेक्षा अधिक कमी झाली.

घरी माझी मुलगी वयात येते आहे. तिला एखादं काम सांगितलं आणि ती त्या दिशेने नुसती वळली, तरी मी आता विषय सोडते. उरलेलं ती करते. कधी तिच्या पद्धतीने, कधी उशिरा, पण करते.

"घोडा तुमच्या मनाचा आरसा आहे" असं पुष्कळ जण म्हणतात. ते मला पटत नाही. घोड्याचा स्वतःचाही दिवस असतो. त्याला माशा चावतात, खूर दुखतो, सोबती दुसरीकडे नेला तर तो अस्वस्थ होतो. एकदा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ताराने कान मागे घेतले. माझं काही चुकतंय का असा विचार करत बसण्यापेक्षा तंग सोडून पोट तपासलं, तर पट्ट्याखाली कातडी लाल झाली होती. ती बरी होईपर्यंत तिला खोगीर घातलं नाही.

कोणाला असं प्रशिक्षण घ्यायचं असेल किंवा मुलाला उपचारांसाठी न्यायचं असेल, तर आधी घोडे बघा. ते इतर घोड्यांबरोबर मोकळे सोडले जातात का, दिवसाला किती मुलं पाठीवर घेतात, पाठ आणि पोटाखालची कातडी कशी आहे. शिकवणारे सुरुवातीला नुसतं बघायला लावतात की पहिल्याच दिवशी दोर हातात देतात, तेही विचारा. आणि घोड्याने नकार दिला तर काय करता, हा प्रश्न नक्की विचारा. आमच्याकडे त्या दिवशी दुसरा घोडा घेतात. तो मोकळा नसला तर स्वारी रद्द होते आणि मुलांच्या हाती खरारा देतात.