रेडिओ दोन दिवसांत निवडला, हातात यायला दीड महिना लागला

सगळ्यात महाग पडलेली गोष्ट आधी सांगते. परदेशातून रेडिओ मागवणार असाल तर पत्ता आधार कार्डावर आहे तसाच्या तसा लिहा. आधारवर उस्मानाबाद असेल तर उस्मानाबादच. पिनकोड टाकला की समोरच्या रकान्यात आपोआप ‘धाराशिव’ येतं. ते खोडा. मी खोडलं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, 79 वर्षांचे आहेत. उमरगा तालुक्यात आमचं शेत आहे, तिथल्याच घरात राहतात. मी उमरग्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शनिवार-रविवार शेतावर, सुट्टीत लेकीकडे पुण्याला, असं माझं चालू असतं. म्हणून घरी उशाशी ठेवता येईल आणि एसटीच्या प्रवासात पिशवीतही मावेल, असा एकच रेडिओ हवा होता.

मोबाईलवर सगळं ऐकू येतं, मग रेडिओ कशाला, हे मला किती जणांनी विचारलं असेल. त्यांना मी 1993 सांगते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आम्ही सगळे अंगणात. वीज गेलेली, फोन गावात एकच आणि तोही बंद. अण्णांनी आत जाऊन रेडिओ तेवढा बाहेर आणला. आई त्यांच्यावर ओरडली होती, घर पडलं असतं तर! पण किल्लारी, सास्तूर या आमच्या ओळखीच्या गावांचं काय झालं, ते आम्हाला त्या रेडिओनंच सांगितलं. दोन सेल आणि एक तार एवढ्यावर तो चालत होता. तेव्हापासून आमच्या घरात रेडिओ ही चैनीची वस्तू नाही.

अण्णांचा तो जुना सेट कधीच गेला. मधली वर्षं त्यांनी बाजारातल्या स्वस्त सेटवर काढली. पेन ड्राइव्ह लावा, मेमरी कार्ड घाला, दिवा लावा, सगळं त्यात असतं. शॉर्टवेव्ह, म्हणजे परदेशातली दूरची स्टेशनं लागतात ती पट्टी, मात्र बोटभर जागेत कोंबलेली. काटा केसभर सरकला की चार स्टेशनं मागं पडतात, आणि लावलेलं स्टेशन दहा मिनिटांत आपोआप सरकतं. शिवाय एकच स्टेशन दोन ठिकाणी ऐकू येतं. अण्णांना वाटायचं की ते दोन्हीकडून प्रसारण करतात. खरं कारण सेटच्या आत असतं. अशा साध्या सेटमध्ये आलेली लहर 455 किलोहर्ट्झवर उतरवून घेतात, त्यामुळं त्याच्या दुपटीवर, म्हणजे 910 किलोहर्ट्झच्या अंतरावर, जोरकस स्टेशनाची सावली पडते. मला हे कळल्यावर मी ठरवलं, आता आकडे दाखवणारा, वारंवारता पक्की धरून ठेवणारा डिजिटल सेटच घ्यायचा.

निवड करायला खरंच दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी तीन नावं उरली होती. टेकसनचा पीएल-660 मोठा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, विमानांचं बोलणंही पकडणारा. एक्सएचडाटाचा डी-808 मधल्या आकाराचा, पण त्याची 18650 ही गोल लिथियम बॅटरी चांगली कुठं मिळते याची चौकशी करावी लागते. तिसरा टेकसनचा पीएल-330. तो लहान आहे, आणि त्यात बीएल-5सी बॅटरी बसते. नोकियाच्या 1100 फोनात असायची तीच. उमरग्याच्या कुठल्याही मोबाईल दुकानात मागा, पेटीतून काढून देतील. माझ्यासाठी निवड तिथंच झाली. आपल्या बाजारात ज्याची बॅटरी मिळत नाही तो रेडिओ कितीही नावाजलेला असला तरी दोन वर्षांनी फडताळात जातो, असं माझं ठाम मत आहे. परदेशातले लोक आवाजाच्या गोडीवर, बांधणीवर पानंच्या पानं लिहितात. ते बरोबर असेल. पण आपण आधी बॅटरी बघावी.

त्यात एसएसबी (सिंगल साइडबँड) आहे, हेही महत्त्वाचं. हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं वायरलेसवर बोलणारे लोक, या पद्धतीनं 7 ते 7.2 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. साध्या रेडिओवर ते बदक बोलल्यासारखं लागतं, एसएसबी लावलं की माणसाचं बोलणं होतं. किल्लारीच्या वेळी याच लोकांनी निरोप पोहोचवले होते. अण्णांना हे माहीत होतं, म्हणून एसएसबीवर ते अडून बसले.

मागणी फेब्रुवारीच्या मध्यात नोंदवली. पैसे गेले, विमान आलं, 27 फेब्रुवारीला पार्सल भारतात पोहोचल्याचा संदेश आला. इथवर सगळं सुरळीत.

मग कुरिअर कंपनीचा दुसरा संदेश आला: केवायसी पूर्ण करा. दुवा उघडला, आधारची पुढची बाजू, मागची बाजू, विक्रेत्याचं बिल, सगळं चढवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर: ‘नामंजूर. पत्ता जुळत नाही.’ मला वाटलं, फोटो अस्पष्ट असेल. परत काढला, उजेडात. परत नामंजूर. तिसऱ्यांदा स्कॅन करून पाठवलं. तेच उत्तर. कुठला शब्द जुळत नाही, हे कुठंच लिहिलेलं नाही. मी पार्सलवरचा पत्ता आणि आधारवरचा पत्ता कागदावर एकाखाली एक लिहिला, मुलांच्या वह्या तपासते तसा एकेक शब्द तपासला, तेव्हा दिसलं. पार्सलवर धाराशिव, आधारवर उस्मानाबाद.

बाकी सगळं तेच होतं. नाव, गाव, तालुका, पिनकोडाचे सहाही आकडे. जिल्ह्याचं नाव सरकारनं 2023 साली बदललं. ते बदलताना आम्ही कुठं राहायला गेलो नाही. पण कंपनीच्या संगणकाला ते दोन जिल्हे वाटत होते.

मदत क्रमांकावर फोन लावला. आधी यंत्राचा आवाज, एक दाबा, तीन दाबा, मग वीस मिनिटं संगीत. मग एक मुलगा आला. त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, आपने घर शिफ्ट किया है क्या?” मी म्हटलं, घर तिथंच आहे, जिल्ह्याचं नाव बदललंय. तो म्हणाला, तक्रार नोंदवतो, 48 तासांत उत्तर येईल. 48 तासांनी आलेलं उत्तर: ‘पत्ता जुळत नाही.’

पुढचे दोन आठवडे मी शाळेच्या मधल्या सुट्टीत तोच फोन लावत होते. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून गोष्ट. एकदा मतदार ओळखपत्र पाठवलं, त्यावरही उस्मानाबादच होतं. मग राजपत्रातली नामांतराची अधिसूचना महा ई-सेवा केंद्रातून छापून घेतली आणि सोबत इंग्रजीत अर्ज लिहिला. उत्तर आलं की मराठीतला कागद चालणार नाही. महाराष्ट्र शासनाचं राजपत्र, त्यातला महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या नावाचा निर्णय, आणि तो मराठीत आहे म्हणून चालत नाही! त्या दिवशी मी वर्गात मुलांवर विनाकारण चिडले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वर आणखी एक प्रश्न. बिलावर ‘रेडिओ रिसीव्हर’ असं लिहिलं होतं, तर हे वॉकीटॉकी नाही ना, याचं हमीपत्र द्या. ते मी लगेच दिलं, कारण तो प्रश्न निदान समजण्यासारखा होता. यातून आवाज फक्त येतो, जात नाही, असं दोन ओळींत लिहिलं आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकाचं पान जोडलं. तुम्ही हे पान आधीच काढून ठेवा.

शेवटी उपाय सुचवला तो कुरिअरच्या सोलापूरच्या माणसानं, जो फक्त पार्सलं वाटतो. तो म्हणाला, “ताई, त्यांच्याशी भांडू नका, आधारच बदलून टाका. आमच्याकडं तुमच्या भागातले असले लय येतात.” मी विजेचं बिल जोडून आधारच्या पोर्टलवर पत्ता सुधारायला टाकला. आठ दिवसांनी नव्या आधारवर धाराशिव आलं. ते चढवलं आणि दोन तासांत मंजूर! सीमाशुल्क आणि कराचा दुवा आला. कंपनीनं पार्सल सांभाळल्याचे पैसे वेगळे लावले. माझी चूक नसताना ते भरावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही. (सीमाशुल्काचा आकडा डोळ्यांत भरण्याइतका असतो. रेडिओची किंमत बघून पैसे बाजूला काढू नका, त्याहून बरेच जास्त काढा.)

पार्सल 2 एप्रिलला आलं. 34 दिवस भारतातच पडून होतं. बॅटरी सोबत नव्हती, लिथियम बॅटरी विमानानं पाठवायची कटकट म्हणून बरेच विक्रेते ती काढूनच पाठवतात. मी त्याच संध्याकाळी दुकानातून बीएल-5सी घेतली.

या उशिरानं दुसरं नुकसान असं झालं, की मी अण्णांसाठी स्टेशनांची यादी ठळक अक्षरात लिहून ठेवली होती. शॉर्टवेव्हची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. 2025 साली मार्चचा शेवटचा रविवार म्हणजे 30 तारीख, नेमका पाडवा. रेडिओ घरी येईपर्यंत माझी यादी जुनी झाली. परत लिहिली. यादी करताना वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दिलेल्या असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे, हे विसरू नका.

पहिल्या रात्री घरात लावला तर नुसती घरघर. अण्णांचा चेहरा उतरला. मीही घाबरले, इतकं सोसून हेच का? मग एकेक स्विच बंद करत गेले. एलईडी ट्यूब बंद केली, निम्मी घरघर गेली. मोबाईलचा चार्जर काढला, आणखी थोडी. इन्व्हर्टर बंद केला आणि एकदम आवाज मोकळा झाला. रेडिओ चार्जिंगला लावूनही ऐकू नका, त्यानंही आवाज खराब होतो. अंगणात खाट टाकली, सात-आठ मीटर साधी वायर लिंबाच्या फांदीवर टाकून तिचं दुसरं टोक चिमट्यानं रेडिओच्या एरियलला लावलं. एनएचके जपानची हिंदी सेवा अशी लागली की अण्णा दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. नंतर विचारलं, “काय म्हनलालेत माय ते? जरा मोठं कर.” वळवाचे ढग दिसले की वायर काढायचीच, हे मात्र मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय.

दिवसा आणि रात्री एकाच पट्ट्यावर बसू नका. दिवसा 19 आणि 25 मीटर, म्हणजे साधारण 15 आणि 12 मेगाहर्ट्झच्या आसपास. अंधार पडला की 31, 41 आणि 49 मीटर. उन्हात आकाशातला खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो, रात्री तो थर विरतो, म्हणून दूरचं स्टेशन जवळ येतं. अण्णा हे शाळेत न जाताही सांगतात, “दिस बुडला की पट्टी बदल.”

आणि एक राहिलंच. मीडियम वेव्हची पायरी, म्हणजे स्टेशन शोधताना आकडा एका वेळी जेवढ्यानं सरकतो ती, 9 किलोहर्ट्झवर आहे ना, ते आधी तपासा. काही सेट अमेरिकेच्या सवयीनं 10 वर लावून येतात. आपल्याकडचे आकडे 9 नं भाग जाणारे असतात: परभणी 1305, पुणे 792, हैदराबाद 738. दहाच्या पायरीनं गेलात तर 790 वरून थेट 800. पुणे कधी नीट सापडणारच नाही. माझ्या एका सहकाऱ्यानं याच कारणानं चांगला सेट बिघडलेला समजून देऊन टाकला.

प्रवासात मी वायर नेत नाही. पुण्याला लेकीच्या सातव्या मजल्यावरच्या घरात शॉर्टवेव्ह जवळजवळ लागतच नाही, खिडकीच्या कडेला धरून बसावं लागतं. एसटीत तर इयरफोन लावून एफएमच. त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवून प्रवासासाठी म्हणून कोणी घेऊ नये. परतीच्या वाटेवर सोलापूर ओलांडून धाब्यावर गाडी थांबते तिथं मात्र, रात्री, मोकळ्या रानाकडच्या बाजूला, एरियल बाहेर काढली की सगळं जग येतं.

बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण 31 जानेवारी 2020 ला बंद झालं, तेव्हापासून अण्णांनी वही लिहिणं सोडलं होतं. तारीख, वेळ, वारंवारता, आवाज कसा, असे रकाने असलेली वही. पूर्वी ते त्यावरून स्टेशनांना पत्रं पाठवायचे आणि परदेशातून रंगीत क्यूएसएल कार्डं, म्हणजे स्टेशन ऐकल्याची पोच देणारी कार्डं, यायची. ती सगळी कार्डं पत्र्याच्या डब्यात आहेत. नवा रेडिओ आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही मागवली. पहिलं पत्र रोमानियाला. मजकूर मी इंग्रजीत लिहून दिला, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता ते स्वतः लिहीत होते. गाव लिहिलं, तालुका लिहिला आणि पेन थांबवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“जिल्हा काय लिहू?”

मी म्हटलं, धाराशिव लिहा, आणि कंसात उस्मानाबाद.