आइस्क्रीम खाणारे खुनी

‘द डेव्हिल्स रिजेक्ट्स’ पहिल्यांदा पाहायला बसलो, तेव्हा मोटेलचा प्रसंग सहन न झाल्याने मी तो मध्येच बंद केला आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खोलीच्या खिडक्या सताड उघड्या ठेवून पाहिला. त्या उजेडाचा फारसा उपयोग झाला नाही, कारण हा भयपट मुळात उन्हातलाच आहे.

दिग्दर्शक रॉब झॉम्बीचा 2003 मधला पहिला भाग, ‘हाउस ऑफ 1000 कॉर्प्सेस’, जत्रेतल्या भुताच्या घरासारखा होता. रंगीबेरंगी दिवे, आरडाओरडा आणि जमिनीखाली दडलेला डॉक्टर सेटन, म्हणजे ‘डॉक्टर सैतान’, असा सगळा मालमसाला त्यात होता. 2005 च्या या दुसऱ्या भागात खुनी फायरफ्लाय कुटुंब तेच आहे, पण ती जत्रा पार उठलेली आहे. डॉक्टर सेटनचा एक प्रसंग चित्रित होऊनही अंतिम संकलनात कापला गेला, आणि माझ्या मते तो कापणे हा दिग्दर्शकाचा सर्वांत शहाणा निर्णय होता, कारण त्यामुळे माणसांच्या क्रौर्याला भुताखेतांची सबब उरली नाही. छायालेखक फिल पारमेट याने सुपर 16 या अरुंद फिल्मवर टिपलेली धूळ, घामेजलेले चेहरे आणि पडद्यावरचे खरखरीत कण पाहताना सत्तरच्या दशकातली एखादी जुनी रीळ हाती लागल्यासारखे वाटते.

कथा 18 मे 1978 रोजी टेक्सासमध्ये पहाटेच्या पोलीस छाप्याने सुरू होते. आई पकडली जाते, कुटुंबातला ओटिस आणि मुलगी बेबी निसटतात, आणि पुढे बेबीचा बाप, विदूषकाचा चेहरा रंगवणारा कॅप्टन स्पॉल्डिंग, त्यांना येऊन मिळतो. मोटेलमध्ये काही गायक-वादक मंडळींना ओलीस धरून ओटिस आणि बेबी जे करतात, त्याचे वर्णन मी येथे करणार नाही. एवढेच सांगतो की बिल मोझली हा ओटिसची भूमिका करताना आवाज फारसा चढवत नाही, आणि अंगावर काटा येतो तो त्या थंडपणाने.

त्यांच्या मागावर असलेला शेरीफ वायडेल हा पहिल्या भागात मारल्या गेलेल्या पोलिसाचा भाऊ. कुटुंबाची टोपणनावे अमेरिकन विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या चित्रपटांतल्या पात्रांवरून घेतली आहेत हे कळल्यावर तो एका चित्रपट-समीक्षकाला बोलावून घेतो. ऑगस्ट 1977 मध्ये रॉक गायक एल्व्हिस प्रेस्ली वारला आणि तीनच दिवसांनी ग्राउचो गेला, त्यामुळे ग्राउचोच्या मृत्यूची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही, असे तो समीक्षक खंतावून सांगतो. त्या भरात एल्व्हिसबद्दल चार वाकडे शब्द बोलून बसतो, आणि एल्व्हिसभक्त शेरीफ त्याच्या अंगावर धावून जातो. प्रसंग विनोदी आहे, पण वायडेलची पकड कुठून सुटू लागली आहे हे तिथेच दिसते. पुढे तो कोठडीत त्या आईला भोसकून मारतो, भाड्याने मारेकरी आणतो आणि तिघांना त्यांच्याच घरात खुर्च्यांना बांधून त्यांचा छळ करतो, ओटिसच्या हातांत तर खिळे ठोकतो. विल्यम फोर्साइथने हा माणूस इतका मनापासून उभा केला आहे की त्याला खलनायक म्हणायला जीभ रेटत नाही, आणि नायक तर तो राहिलेलाच नसतो.

माझी खरी तक्रार आहे ती आइस्क्रीमच्या प्रसंगाबद्दल. मोटेलमधले प्रेतांचे ढीग मागे टाकून निघालेल्या गाडीत बेबीला आइस्क्रीम हवे असते, ओटिस नाही म्हणतो, तर बाप आणि लेक मिळून लहान मुलांसारखा त्याचा पिच्छा पुरवतात. आमच्या घरी प्रत्येक प्रवासात असाच तंटा होत असे, म्हणून मी मोठ्याने हसलो, आणि हसल्याबरोबर मोटेलमधून धावत सुटून महामार्गावर ट्रकखाली आलेली ती तरुणी आठवली. दिग्दर्शकाने हे हसू माझ्याकडून फसवून काढून घेतले, असे मला आजही वाटते.

शेवटी तर तो हद्दच करतो. रक्ताने माखलेले तिघे उघड्या टपाच्या गाडीतून जात असतात, समोर पोलिसांचा अडथळा असतो, आणि लिनर्ड स्किनर्ड या रॉक बँडचे ‘फ्री बर्ड’ हे गाणे वाजू लागते. ओटिस मागे झोपलेल्या दोघांना जागे करतो, बंदुका हातात देतो, मध्येच त्या तिघांचे जुने, हसरे क्षण झळकतात आणि गाडी गोळीबारात शिरते. मी तो शेवट चार वेळा पाहिला आहे. मोटेलचा प्रसंग मात्र दर वेळी पुढे सरकवतो.