कानवालं इंजिन

फोन आला तेव्हा मी बोअरिंग मशीनवर होतो. "मिस्त्री, तुमी जुनी इंजनं बघतासा न्हवं? आमच्या खोपीत एक हाय. भंगारवाला दुपारी येणार हाय. बघायचं असंल तर त्याच्या आधी या."

दुपारी म्हणजे त्याच दिवशी दुपारी. ब्लॉक मशीनवर तसाच ठेवला, पोराला दुकान बघायला सांगितलं आणि वही, टेप, व्हर्निअर, वायरब्रश, रॉकेलची बाटली, खडू एवढं पिशवीत टाकून निघालो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं पन्हाळ्याच्या अंगाला, कासारी नदीच्या काठाला जायला तास पुरतो. त्या दिवशी मी पाऊण तासात पोचलो.

माझा पोटाचा धंदा इंजिन दुरुस्तीचा. पण गेली अकरा वर्षं मी आपल्या भागात बनलेली जुनी इंजिनं शोधतो, जमेल ती विकत घेतो आणि जी घेता येत नाहीत त्यांची नोंद करतो. मापं, फोटो, ओतकामावरच्या खुणा, कोणी चालवलं, कशाला चालवलं. त्या दिवसापर्यंत वहीत बासष्ट इंजिनं होती.

मोठ्या कारखान्यांच्या इंजिनांची ओळख पटवणं तसं सोपं. किर्लोस्करांचा खडकीचा ऑइल इंजिनचा कारखाना १९४६ सालचा. त्यांचं एव्ही-वन हे पाच हॉर्सपॉवरचं इंजिन, ८० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), ११० स्ट्रोक (पिस्टनची धाव), मिनिटाला पंधराशे फेरे. मी ते डोळे मिटून खोलू शकतो आणि त्याचं पुस्तकही मिळतं. सातारा रोडच्या कूपरचंही तसंच. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये तिथं नांगरांपासून सुरुवात केली, पुढं डिझेल इंजिनं केली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. अशा नावांमागं कागद असतात, कॅटलॉग असतात.

कोल्हापूरचं तसं नाही. इथं म्हादबा मिस्त्री शेळके यांच्यासारख्या माणसांनी ऑइल इंजिन करून दाखवलं आणि त्यांच्या मागनं गल्लीगल्लीत इंजिनं बनू लागली. एकाकडं भट्टी, दुसऱ्याकडं लेथ, तिसऱ्याकडं सुताराचं दुकान आणि त्यातून पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा करायचा लाकडी नमुना. गिऱ्हाईक दाराशीच होतं. नदीकाठचा ऊस, गुऱ्हाळं आणि शाहूपुरीची गुळाची पेठ. या लहान कारखान्यांनी कॅटलॉग छापले नाहीत. त्यांची ओळख म्हणजे इंजिनावर रिपिटांनी ठोकलेली पितळेची नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी. सगळ्यात आधी जाते ती हीच. पोरं काढून मोडीत घालतात आणि मागं उरतं बिनानावाचं बीड, नुसतं ओतीव लोखंड.

खोपीच्या भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. २०१९ च्या पुराची. खाली कडबा, खताची रिकामी पोती, एक मोडकी कोळपी, आणि त्यात ते इंजिन. उभं, एका सिलिंडरचं, दोन्ही अंगाला आऱ्यांची जड फ्लायव्हील. लांबूनच कळलं, लिस्टर टाइप. इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीनं १९२९ साली हा नमुना काढला. त्याआधीची बरीच इंजिनं चालू करायला हेड स्टोव्हनं लाल करावं लागायचं. हे थंडंच चालू व्हायचं. सहा हॉर्सपॉवर, साडेसहाशे फेरे, साडेचार इंच बोअर आणि साडेपाच इंच स्ट्रोक. म्हणजे एव्ही-वनपेक्षा ताकद एकच हॉर्सपॉवर जास्त, पण सिलिंडर अडीचपटीपेक्षा मोठं. हळू चालायचं, म्हणून टिकायचं. कसलंही तेल चालायचं आणि गावचा फिटर ते दुरुस्त करू शकायचा. आपल्याकडं कोल्हापुरात, तिकडं राजकोटात, या नमुन्यावर किती इंजिनं ओतली गेली त्याला हिशेब नाही.

पट्टी नव्हतीच. रिपिटांची चार भोकं तेवढी होती. चाक हलेना. पुराचा गाळ आत गेला असणार. क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचं, झाकण उघडलं तर आत मातीचा घट्ट थर, तेलात कालवून वाळलेला.

मग मी मापं घेतली. इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पट्टी नसलेल्या इंजिनाची ओळख मी हिच्यावरनं काढतो. बीड थंड होताना आकसतं, मीटरमागं साधारण एक सेंटिमीटर. म्हणून पॅटर्न करणारा सुतार मुद्दाम मोठ्या मापाची मोजपट्टी वापरतो. पण कोणी पॅटर्न न करता दुसऱ्या इंजिनाची तयार क्रँककेसच वाळूत दाबून साचा केला, तर नवं ओतकाम शंभराला एक इतकं लहान निघतं. लेथवर घेतलेल्या जागा मापात असतात, कारण त्या मापानंच कापतात. न कापलेल्या, कच्च्या कडा मात्र खरं सांगतात. माझ्याकडं एका अस्सल लिस्टरची मापं आहेत. त्यांच्याशी ताडून बघितलं तर या क्रँककेसच्या कच्च्या कडा बरोबर जुळत होत्या. म्हणजे इथं कोणीतरी स्वतःचा लाकडी पॅटर्न केला होता, सुताराला आकसण्याचा हिशेब ठाऊक होता. माझा जीव खूश झाला. अशा इंजिनांना सरसकट नक्कल म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी एकदा असा पॅटर्न करून बघावा, आतली पोकळी धरणाऱ्या कोअरसकट.

आणि मग कान दिसले.

क्रँककेसच्या तळाशी, दोन्ही अंगांना, बिडाचाच एकेक जाड कान होता. मधे अंगठा जाईल एवढं भोक. अस्सल लिस्टरला असं काही नाही. मागाहून जोडलेत का बघायला वायरब्रश मारला, रॉकेलनं पुसलं, आडवी बॅटरी धरली. जोड नव्हता. ओतकामाची खरखरीत कातडी क्रँककेसवरनं कानावर सलग उतरली होती, कोपऱ्यात सुंदर गोलाई होती. पॅटर्नमध्येच घेतलेले कान. डावा जरा तिरका, जणू सुतारानं तो घाईत बसवला होता. भोकं मात्र गोल राहिली नव्हती. खालच्या अंगाला ती इतकी घासली होती की बीड बोटभर होतं तिथं पेन्सिलीएवढं उरलं होतं, आणि तो घासलेला भाग आरशासारखा गुळगुळीत. गंजानंसुद्धा त्याला फारसं धरलं नव्हतं.

"दादा, हे कशाला?" मी तिथल्या पोराला विचारलं.

"काय की. उचलायला असंल."

उचलायला नव्हेच. साडेतीनशे किलोच्या वर वजनाचं इंजिन तळाच्या कानांना धरून उचललं तर उलटंच होईल. पायात बोल्ट मारायची भोकं वेगळी होतीच. मी वहीत प्रश्नचिन्ह घातलं.

तेवढ्यात भंगारवाला आला, टेम्पो आणि दोन माणसं घेऊन. माणूस चांगला. वजनावर दर ठरला होता, तोच मी देतो म्हटलं तर घासाघीस केली नाही. "तुमी ठेवणार, आमी फोडणार. घ्या तुमीच," म्हणाला. त्यांच्या या धंद्याबद्दल मला राग नाही. त्यांनी फोडलेलं बीड शिरोलीच्या फाउंड्रीत जातं आणि तिथनं नवं काहीतरी ओतून बाहेर पडतं. मला फक्त फोडायच्या आधी एक तास हवा असतो.

माझं लक्ष कानांवरच होतं. खोपीच्या तोंडाशी आजी येऊन बसल्या होत्या, ते मला कधी कळलंच नाही. ऐंशीच्या पुढच्या. पोराकडं बघत मला म्हणाल्या, "त्येला काय इचारतासा. त्यो तवा पाळण्यात बी नव्हता."

मी वही घेऊन त्यांच्यासमोर मातीत बसलो.

"त्ये कान मालकांनी करून घेतल्यात," आजी म्हणाल्या. "इंजान गाडीवर असायचं. आज हितल्या गुऱ्हाळाला, पंधरा दिसानी पल्याडच्या गावात. दोरानं बांधायचो, त्यो दोर घासून तुटायचा. एकदा वगळीत गाडी कलली आन् पयलं इंजान बैलाच्या अंगावर आलं. बैल गेला. मग हे इंजान घ्यायच्या टायमाला मालक कोल्लापुरात चार दिस कारखान्यात बसून ऱ्हायलं. म्हनलं, साखळीला कान काढून द्या, न्हाईतर पैसं परत द्या."

"कारखाना कुणाचा, आजी?"

"त्ये मला कुठलं ठावं. मालक नुसतं मिस्त्री म्हनायचं."

साखळी. मी उठून परत त्या भोकांकडं गेलो. खालच्या अंगाची झीज, दोन्ही बाजूंना सारखी. खाली गाडीच्या साट्यातनं साखळी आणून कानांत ओवायची आणि खाली ताणून आवळायची. रस्त्यात बसलेला प्रत्येक हिसका त्या कडीनं बिडात उतरवलेला. किती मैल झाले असतील तेव्हा एवढं झिजेल!

"कुठल्या सालात घेतलं?"

साल आजींना सांगता येईना. माझ्याकडं यासाठी काही ठरलेले प्रश्न आहेत. दुष्काळाच्या आधी की नंतर? ७२ च्या दुष्काळात इंजिन होतं का? होतं. मग मी विचारलं, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा?"

आजींनी हात वर केला, थांबा म्हटल्यासारखा.

"त्या राती गुऱ्हाळ चालू हुतं. मी चुलवाणापाशी हुते. पाट हुयाची हुती. काहिलीतला रस हिंदकळून भाईर सांडला आन् जाळावर पडला, ह्यो धूर. पट्टा पुलीवरनं उतरला. आमाला वाटलं इंजनानंच काय केलं. मालक पळत गेलं, इंजान बंद केलं. इंजान बंद झालं आन् भुई हालतच हुती."

"हेच इंजिन?"

"ह्येच. त्येचा दुसराच हंगाम हुता त्यो."

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सव्वाचारच्या सुमारास. दुसरा हंगाम, म्हणजे इंजिन १९६६ च्या गळिताआधी घेतलेलं. बासष्ट नोंदींत एवढी पक्की तारीख मला फार थोड्या इंजिनांची मिळाली आहे, आणि पट्टी नसलेल्या इंजिनाची एकाचीही नाही.

मी विचारलं, चालू कोण करायचं? म्हणाल्या, गडी असायचा, नाही आला तर त्या स्वतः. मला आधी वाटलं त्यांनी बघितलेलं सांगत असतील. पण त्यांनी बसल्या जागी डावा हात वर धरला, जिथं डिकॉम्प्रेशनची दांडी असते बरोबर तिथं, आणि उजव्या हातानं हँडल फिरवल्यासारखं केलं. "चाकाला घुमका येऊ द्यायचा. घाई न्हाई. मग नोजल बोलतंय, कर्र कर्र. त्ये बोललं की दांडी टाकायची. त्याच्या आधी टाकली तर हात मोडतोय."

नोजल बोलणं. डिझेलचा दाब पुरेसा झाला की सुई उघडताना नोजल असं करकरतं, आणि आम्ही मेकॅनिक लोक आजही कान देऊन तेच ऐकतो. दांडी वर असेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो, म्हणून चाकं मोकळी फिरतात. ती खाली टाकली की त्या दोन जड चाकांच्या जोरावर पिस्टन कॉम्प्रेशन पार करतो आणि पहिला बार होतो. माझ्या उस्तादानं मला हेच शिकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

इंजिन टेम्पोत चढवायला दोन तास गेले. भंगारवाल्याचीच माणसं मदतीला थांबली. खाली पाइपांचे रूळ, मागं पहार, फळ्यांचा उतार. आवळायची वेळ आली तेव्हा त्यातल्या एकानं काही न सांगता साखळी त्या कानांतनं ओवली. मी बघत राहिलो. कडी त्या घासलेल्या खाचेत अशी बसली, जशी रोजच्या जागी बसावी.

रात्री दुकानात आल्यावर मी जुनी वही काढली. प्रवासभर डोक्यात घोळत होतं. सहा वर्षांपूर्वी शिरोळ तालुक्यात एका मळ्यात असंच एक लिस्टर टाइप मी नोंदवलं होतं, नोंद क्रमांक २१. तेव्हा घाईत होतो. फोटो चार, त्यातले तीन चाकांचे आणि हेडचे. चौथ्यात खाली कडेला एका कानाचा अर्धा भाग आला होता. डावा कान. तिरका. तोच तिरका. नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "लिस्टर कॉपी, तळाला फालतू जोड, मालकास माहिती नाही." मालकाखेरीज मी दुसऱ्या कोणालाच विचारलं नव्हतं. लगेच फोन लावला. ते इंजिन पुरानंतर मोडीत गेलं.

दोन गावांत, एकाच तिरकेपणाचा कान. म्हणजे पॅटर्न एकच. मला वाटतं झालं ते असं. आजींच्या मालकांसाठी सुतारानं त्या पॅटर्नला कान ठोकले आणि ते पुन्हा काढलेच नाहीत. पुढची सगळी इंजिनं कानांसकट ओतली गेली, ज्यांनी साखळी मागितली नव्हती त्यांचीसुद्धा. एका शेतकऱ्याचा बैल गेला, त्यानं चार दिवस कारखान्यात बसून हट्ट धरला, आणि इंजिनाचा आकार कायमचा बदलला. हे कुठल्या कॅटलॉगात आलं असतं?

मी नोंद २१ वरचं "कॉपी" आणि "फालतू" हे शब्द खोडले आणि बाजूला ६३ चा आकडा घातला. उद्यमनगरातल्या दोन जुन्या मोल्डरांना कानाचा फोटो दाखवला आहे. एकानं पॅटर्न करणाऱ्या सुताराची गल्ली सांगितली. तिथं आता मोबाइलची दुकानं आहेत, पण सुताराचा पुतण्या सांगलीत असतो म्हणे. येत्या रविवारी जाणार आहे.

एक राहिलं. इंजिन निघायच्या वेळी मी हँडल विचारलं होतं. लिस्टरचं हँडल सहसा हरवलेलंच असतं. पोरगा म्हणाला, गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं आहे, काढून देतो. तो गोठ्याकडं वळला तशा आजी म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ दे." कारण काही सांगितलं नाही. मी गोठ्यापाशी जाऊन त्याचं माप घेतलं. हाताची मूठ लाकडाची, घामानं काळी झालेली, नंतर कधीतरी गावातच बसवलेली. फोटो काढला आणि वहीत लिहिलं: नोंद ६३, हँडल मूळचं, मालकिणीकडे, वापरात.