मंथली ते लुक्ला: वीस मिनिटांच्या विमानासाठी रात्रभराचा रस्ता

एव्हरेस्ट बेस कॅम्पची पायी वाट जिथून सुरू होते ते गाव म्हणजे लुक्ला. काठमांडू ते लुक्ला हे हवाई अंतर सुमारे 135 किलोमीटर आणि उड्डाण अर्ध्या तासाचे, एवढ्याच माहितीवर विसंबून बेस कॅम्पला निघू नये. वसंत आणि शरद ऋतूंतल्या गर्दीच्या महिन्यांत, काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावरचा ताण कमी करण्यासाठी, लुक्ल्याची बहुतेक विमाने रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सोडली जातात. आमच्या एजंटाच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र ‘काठमांडू–लुक्ला’ असेच छापलेले होते. मंथलीचे नाव आदल्या संध्याकाळी हॉटेलात कळले आणि रात्रीच्या जीपचे पैसे वेगळे मागण्यात आले. याला मी फसवणूकच म्हणेन.

मंथली ते लुक्ला हे अंतर सरळ रेषेत जेमतेम पाऊणशे किलोमीटर आहे आणि विमान वीसएक मिनिटांत पोहोचते. खरा प्रवास त्याआधीचा, काठमांडू ते मंथली हा सुमारे 130 किलोमीटरचा रस्ता. धुलिखेलपर्यंत काही त्रास नाही. पुढे बीपी महामार्गावर रोशी खोला या नदीच्या काठचा जो पट्टा लागतो, तो सप्टेंबर 2024 च्या पुरात ठिकठिकाणी वाहून गेला होता, आणि आम्ही गेलो तेव्हा जीप कित्येक ठिकाणी थेट पात्रातल्या गोट्यांवरून न्यावी लागली. एका ठिकाणी चालकाने गाडी थांबवली, विजेरी घेऊन तो खाली उतरला, पाण्यात काठी घालून खोली पाहिली आणि मगच गाडी पुढे घातली. मागच्या बाकावर तोवर दोघांना उलट्या सुरू झाल्या होत्या. चार-पाच तासांचा म्हणून सांगितलेला हा रस्ता अंधारात, झोपमोड करून कापणे मला अजिबात मान्य नाही. आदल्या दिवशी उजेडी निघावे, मंथलीतच मुक्काम करावा आणि उलटीची गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी.

विमानतळावर सामानाची मर्यादा साधारणपणे मोठ्या बॅगेत 10 आणि हातातल्या पिशवीत 5 किलो इतकी असते, आणि पिशवीही काट्यावर ठेवायला लावतात. जड जाकीट अंगावर घालावे.

लुक्ल्याची धावपट्टी 527 मीटर लांब, जवळपास बारा टक्के चढाची, समुद्रसपाटीपासून 2,845 मीटर उंचीवर आहे. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. त्यामुळे उतरताना दुसरी संधी मिळत नाही आणि वैमानिकाला समोरचे स्पष्ट दिसल्याखेरीज विमान सुटत नाही. दिवस चढला की वारा आणि ढग वाढतात, म्हणून सकाळच्या पहिल्या फेरीचेच तिकीट मागावे. नंतरच्या फेरीचे तिकीट म्हणजे दिवस वाया जाण्याची तयारी. जाताना डावीकडची खिडकी धरावी. मंथली पाचशे मीटरच्याही खाली असल्याने चढलेली उंची शरीराला एकदम जाणवते; त्याच दिवशी 2,610 मीटरवरच्या फाकडिंग गावी पायी उतरून राहणे उत्तम. पुढच्या वाटेबद्दल भरपूर लिहिले गेले आहे.

परतीचे हाल अधिक होतात. विमाने रद्द झाली की लुक्ल्यात हेलिकॉप्टरचे दर बघता बघता चढतात आणि अडलेला माणूस ते मोजतो. काठमांडूहून मुंबईचे विमान किमान दोन दिवस मोकळे सोडूनच घ्यावे, आणि एजंटाला पैसे देण्यापूर्वी उड्डाण कोठून, येतानाची मंथली–काठमांडू जीप कोणाच्या खर्चाने, हे दोन्ही लेखी घ्यावे.